पंचांगातले शब्द, आकाशातल्या खुणा

गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालांतून खगोलाविषयी बोलण्याचे प्रसंग आमच्यावर आले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातील अशाच एका सभेनंतर एक वयोवृद्ध गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "आमची रास वृश्चिक. साठ वर्षे पंचांग पाहतो आहे. मुलांच्या पत्रिका जुळवल्या, साडेसात्या काढल्या. पण ही रास आकाशात असते तरी कोठे, तेवढे दाखवाल काय?" मागच्या खुर्च्यांवर थोडा हशा पिकला. आम्हांला मात्र हसू आले नाही. तासभर आम्ही क्रांतिवृत्त, संपात, अयनांश असे शब्द सभेपुढे टाकीत होतो आणि त्यांतला एकही शब्द त्या गृहस्थांना मंडपाबाहेर आकाशापर्यंत नेऊ शकला नव्हता. हा दोष श्रोत्याचा नव्हे, वक्त्याचाच म्हटला पाहिजे.

आम्ही त्यांना म्हटले, "रात्रीचे नऊ वाजत आहेत. वृश्चिक आत्ता कोठे क्षितिजाशी येत असेल. तास-दीड तास थांबाल, तर दाखवू." ते थांबले. त्यांच्याबरोबर आणखीही पाच-दहा मंडळी थांबली. मंडपामागच्या मैदानात त्या वेळात जे बोलणे झाले, तेच थोडे नीटनेटके करून येथे मांडीत आहोत.

खगोलशास्त्रातील शब्द अवघड वाटतात, कारण ते आपल्याला पुस्तकात भेटतात. वस्तुतः ते उघड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाने करून ठेवलेल्या खुणा आहेत. खूण ज्या जागेवरून केली ती जागा सापडली, की अर्थ आपोआप उलगडतो. जागा सापडली नाही, तर नुसता शब्द उरतो आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर भीती उरते.

प्रथम आपल्या स्वतःच्या खुणा पाहू. जमीन आणि आकाश जेथे टेकल्यासारखी दिसतात ती रेषा म्हणजे क्षितिज. शहरात ती इमारतींनी झाकलेली असते, म्हणून मैदान किंवा उंच गच्ची बरी. नेमका आपल्या डोक्यावरचा बिंदू तो खस्वस्तिक. गवंड्याच्या ओळंब्याची दोरी वरच्या अंगाला वाढवीत नेली, तर ती आकाशाला जेथे लागेल तो हा बिंदू. उत्तर दिशेपासून खस्वस्तिकावरून दक्षिणेपर्यंत एक कमान कल्पावी. ते याम्योत्तर वृत्त. याम्य म्हणजे यमाची दिशा, अर्थात दक्षिण. सूर्य या कमानीवर आला, की आपली खरी मध्यान्ह झाली.

या तिन्ही खुणा पाहणाऱ्याबरोबर हिंडतात. पुणेकराचे खस्वस्तिक नागपूरकराच्या उपयोगी नाही. नागपूरला सूर्य याम्योत्तरावर आल्यानंतर सुमारे एकवीस मिनिटांनी तो पुण्याच्या याम्योत्तरावर येतो. दोन्ही गावांची घड्याळे एकच वेळ दाखवितात, कारण आपण साऱ्या देशासाठी ८२½ अंश पूर्व रेखांशाची वेळ प्रमाण मानली आहे. घड्याळाचे बारा ही माणसांनी केलेली सोय आहे. याम्योत्तरावरचा सूर्य ही आकाशातली गोष्ट आहे. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

आकाशात अंतर मोजावयाचे ते अंशांनी. त्यासाठी यंत्र नको. हात पूर्ण लांब करून मूठ धरली, तर मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. करंगळीची जाडी सुमारे एक अंश. पूर्णिमेचा चंद्र केवढा तरी मोठा वाटतो, पण तो अर्धाच अंश असतो आणि करंगळीमागे सहज लपतो. ज्याला खोटे वाटेल त्याने येत्या पूर्णिमेला करून पाहावे.

आता उत्तरेकडे वळू. मेच्या आरंभी रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी ध्रुवाच्या वरच्या अंगाला उंच चढलेले असतात. त्यांच्या चौकोनातील पुढचे दोन तारे, क्रतू आणि पुलह, त्या वेळी जवळजवळ याम्योत्तरावरच असतात. पुलहाकडून क्रतूकडे रेषा काढून ती त्या दोघांतील अंतराच्या सुमारे पाचपट पुढे नेली, की एक मध्यम तेजाचा, एकटाच तारा लागतो. तो ध्रुव. पुष्कळांची येथे निराशा होते, कारण ध्रुव हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा असावा अशी समजूत असते. त्याचे मोठेपण तेजात नसून जागेत आहे. पृथ्वीचा आस उत्तरेकडे वाढविला, तर तो आकाशाला जेथे लागतो त्या बिंदूच्या अगदी जवळ, एका अंशाहूनही कमी अंतरावर, हा तारा आहे. म्हणून रात्रभरात बाकीचे आकाश फिरते आणि हा जाग्यावर राहिल्यासारखा दिसतो.

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची मुठींनी मोजा. पुण्यात ती दोन मुठींना थोडी कमी, म्हणजे साडेअठरा अंश भरते. कोल्हापुरास पावणेसतरा, नागपुरास एकवीस. हे आकडे आपण शाळेत भूगोलाच्या तासाला पाठ केलेले आहेत. ते त्या त्या गावाचे अक्षांश होत. नकाशात पाहून सांगावयाची गोष्ट उघड्या मैदानात मुठीने मोजता येते, हे कळल्यावर मंडळींत पहिल्यांदा हालचाल झाली. जो तो हात पुढे करून मुठी मोजू लागला.

तारे आपल्यापासून कमीअधिक अंतरावर आहेत. परंतु डोळ्यांना ते एकाच मोठ्या गोलाच्या आतल्या बाजूस जडविल्यासारखे दिसतात. या कल्पित गोलाला खगोल म्हणतात. पृथ्वीचे विषुववृत्त चहूबाजूंनी फुगवीत नेऊन या गोलाला भिडविले, की ते आकाशातील विषुववृत्त होते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून खगोल पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरताना दिसतो. त्याची एक फेरी मात्र बरोबर चोवीस तासांची नसून सुमारे चार मिनिटे कमी असते. म्हणजे आज नऊ वाजता उगवलेला तारा उद्या चार मिनिटे आधी उगवेल आणि महिन्याने दोन तास आधी. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पश्चिमेस मावळताना दिसणारे मृग हिवाळ्याच्या संध्याकाळी पूर्वेस उगवते ते यामुळेच.

ही चार मिनिटे कोठे गेली, याचे उत्तर सूर्याकडे आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून सूर्य ताऱ्यांच्या मधून दररोज सुमारे एक अंश पूर्वेकडे सरकलेला दिसतो. वर्षभरात खगोलावर त्याची जी वाट पडते, ती क्रांतिवृत्त. ही वाट विषुववृत्तावरून जात नाही. त्याच्याशी साधारण साडेतेवीस अंशांचा कोन करून जाते. दोन कडी तिरकस घालून एकमेकांत अडकविली, तर ती दोन ठिकाणी एकमेकांस छेदतात. आकाशातील या दोन छेदांना संपात म्हणतात. सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना २० किंवा २१ मार्चला ज्या बिंदूवर विषुववृत्त ओलांडतो तो वसंतसंपात. २२ किंवा २३ सप्टेंबरला परत दक्षिणेस उतरतो तो शरदसंपात. ज्या वसंताच्या नावाने ही व्याख्याने होतात, त्याची आकाशातील खूण ती हीच.

क्रांतिवृत्तावर सूर्य उत्तरेस जास्तीत जास्त जाऊन जेथून परततो आणि दक्षिणेस जास्तीत जास्त जाऊन जेथून परततो, ते दोन अयनबिंदू. अयन म्हणजे जाणे, चालणे. २१ किंवा २२ डिसेंबरला सूर्य दक्षिण टोकाला पोचून उत्तरेकडे चालू लागतो, तेव्हा उत्तरायण लागते. २० किंवा २१ जूनला दक्षिणायन. हे डोळ्यांनी दिसते. पूर्वेकडे मोकळी जागा असलेल्या गच्चीवरून सूर्य कोठल्या झाडामागून किंवा कोठल्या टाकीच्या शेजारून उगवतो हे वर्षभर पाहत जावे. महाराष्ट्रात त्याच्या उगवण्याची दोन टोके एकमेकांपासून सुमारे पन्नास अंश, म्हणजे पाच मुठी दूर असतात. आपण "सूर्य पूर्वेस उगवतो" असे मुलांना शिकवितो. नेमका पूर्वेस तो वर्षातून फक्त दोनदा, संपातांच्या दिवशी उगवतो.

आता राशी आणि नक्षत्रे. क्रांतिवृत्ताच्या वाटेवर मैलाचे दगड हवेत, म्हणून ३६० अंशांचे वर्तुळ दोन तऱ्हांनी वाटून घेतले आहे. बारा सारखे भाग केले, की तीस-तीस अंशांची एक रास. सत्तावीस भाग केले, की तेरा अंश वीस कलांचे एक नक्षत्र. बारा भाग सूर्याला सोयीचे, कारण तो एका भागात साधारण एक महिना काढतो. सत्तावीस भाग चंद्राला सोयीचे, कारण ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करण्यास त्याला सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित अधिक वेळ लागतो, आणि तो जवळजवळ रोज एका नक्षत्रात मुक्काम करतो.

येथे एक घोटाळा होतो, तो सोडविला पाहिजे. भागाला नाव त्या भागातल्या ताऱ्याचे किंवा ताऱ्यांच्या आकृतीचे दिलेले आहे. पण तारा वेगळा आणि भाग वेगळा. वाड्याला मालकाचे नाव असले, तरी वाडा म्हणजे मालक नव्हे. आकाशात विंचवाची जी सुंदर आकृती दिसते, तिची नांगी म्हणजे मूळ नक्षत्र. पंचांगात मात्र मूळ हे वृश्चिक राशीत नसून धनू राशीत धरले जाते, कारण तीस अंशांची वाटणी तेथे संपलेली असते. विंचवाला नांगी कोठे संपते हे वाटणी करणाऱ्याने विचारलेले नाही!

तेव्हा आम्ही त्या गृहस्थांना म्हटले, "तुमची रास वृश्चिक याचा आकाशातील अर्थ एवढाच, की तुमच्या जन्माच्या वेळी चंद्र वृश्चिक नावाच्या तीस अंशांत होता. दर महिन्याला तो तेथे येतो आणि सव्वादोन दिवस राहतो." ते थोडे विचारात पडले. म्हणाले, "म्हणजे हा पत्ता झाला." आम्हांला एवढ्या वर्षांत याहून चांगली व्याख्या सुचली नव्हती. रास हा पत्ता आहे.

महिन्यांची नावेही अशीच पत्त्यांवरून पडली. ज्या महिन्याच्या पूर्णिमेला चंद्र चित्रेच्या आसपास असतो तो चैत्र. विशाखेच्या आसपास असतो तो वैशाख. चैत्री पूर्णिमेला संध्याकाळी पूर्वेस उगवलेल्या चंद्राजवळ पांढराशुभ्र ठळक तारा दिसला, तर बहुधा ती चित्राच असते. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतराचे माप: दोघे एकत्र तेव्हा अमावास्या, आणि तेथून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी. चंद्राची गती कमीजास्त होते, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांची, तर कधी सव्वीस तासांची असते. दोन सूर्योदयांच्या दरम्यान एखादी तिथी सुरू होऊन संपली, तर तिचा क्षय. एकीच्या पोटात दोन सूर्योदय आले, तर वृद्धी. यात गूढ काही नाही. मंद व जलद चालणाऱ्या दोन माणसांतील अंतर आपण मोजतो, त्यातलाच प्रकार.

ग्रह या शब्दाचे दोन अर्थ झाले आहेत. जुन्या अर्थाने ताऱ्यांमधून जागा बदलणारे ते सारे ग्रह. म्हणून नवग्रहांत सूर्य आणि चंद्रही येतात. नव्या अर्थाने सूर्याभोवती फिरणारे मोठे गोल ते ग्रह, आणि पृथ्वी त्यांतलीच एक. १७८१ साली युरेनस आणि १८४६ साली नेपच्यून सापडला. १९३० साली सापडलेल्या प्लूटोला शहात्तर वर्षे ग्रह म्हटले आणि २००६ साली ज्योतिर्विदांच्या आंतरराष्ट्रीय संघाने व्याख्या नेमकी केल्यावर तो खुजा ग्रह ठरला. प्लूटोत काहीच बदल झाला नाही. आपली खूण तेवढी बदलली.

ग्रह वक्री झाला म्हणजे काय, तेही येथेच सांगतो. आपली गाडी शेजारच्या रुळावरील मंद गाडीला मागे टाकीत असताना ती गाडी उलटी चालल्याचा भास होतो. पृथ्वी आतल्या, जलद वाटेने जाते. मंगळ बाहेरच्या, मंद वाटेने. दर सव्वीस महिन्यांनी पृथ्वी त्याला गाठून पुढे जाते, त्या सुमारास काही आठवडे मंगळ ताऱ्यांमध्ये मागे चाललेला दिसतो. मंगळ कोणावर रागावलेला नसतो; आपणच त्याच्या पुढे निघालेले असतो.

राहू आणि केतू हे तर गोलही नाहीत. चंद्राची वाट क्रांतिवृत्ताशी पाच अंशांचा तिरकसपणा ठेवून जाते, म्हणून या दोन वाटाही दोन ठिकाणी छेदतात. या छेदांना पात म्हणतात; एकाचे नाव राहू, दुसऱ्याचे केतू. अमावास्या किंवा पूर्णिमा या छेदांजवळ झाली, तरच ग्रहण लागते. एरवी चंद्र वरून किंवा खालून निघून जातो. १६ फेब्रुवारी १९८० रोजी कर्नाटक-आंध्रातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला, तेव्हा अनेक शहरांत भर दुपारी रस्ते ओस पडले आणि माणसे दारेखिडक्या लावून बसली. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहू नये, ही भीती रास्त आहे. पण पुष्कळजण घाबरले होते ते दोन वाटांच्या एका छेदाला. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी हजारो माणसे ते पाहण्यासाठी मुद्दाम प्रवास करून गेली. पंधरा वर्षांत आकाश तेच होते. शब्दाचा अर्थ थोड्या अधिक लोकांना कळला होता, एवढेच.

तारे मात्र या सर्वांच्या फार पलीकडे आहेत. तेथे किलोमीटर पुरत नाहीत, म्हणून प्रकाशवर्ष हे माप घेतात. नाव वर्षाचे असले तरी माप अंतराचे आहे: सेकंदास तीन लाख किलोमीटर वेगाने प्रकाश एका वर्षात जेवढा जाईल तेवढे अंतर, म्हणजे जवळजवळ साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. सूर्याचा प्रकाश आपल्याला आठ मिनिटे आणि काही सेकंदांत पोचतो. पूर्वेस झळकणाऱ्या नारिंगी स्वातीचा सदतीस वर्षांत. मैदानात त्या वेळी डोक्यावरून थोडी पश्चिमेस मघा होती. तिचे अंतर सुमारे एकोणऐंशी प्रकाशवर्षे. म्हणजे आपण पाहतो तो तिचा प्रकाश देश स्वतंत्र झाला त्या सुमारास तेथून निघालेला आहे. हे ऐकून वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मी तेव्हा पाळण्यात असेन." मंडळी या वेळीही हसली, पण ते हसणे वेगळे होते.

येथवर सर्व खुणा सांगून झाल्या. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: यांतील काही खुणा हलतात.

पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्तापाशी ती थोडी फुगीर आहे. त्या फुगीर भागाला सूर्य आणि चंद्र ओढतात, त्यामुळे तिचा आस फिरत्या भोवऱ्याच्या आसासारखा हळूहळू डुलतो. एक डुलणे पुरे होण्यास सुमारे २५,८०० वर्षे लागतात. आस डुलला, की ध्रुवबिंदू सरकतो. सुमारे बारा हजार वर्षांनी अभिजित ताऱ्याच्या बाजूचा भाग ध्रुवाची जागा घेईल. आस डुलला, की विषुववृत्तही कलते आणि संपात क्रांतिवृत्तावरून मागे मागे सरकतात. ही गती वर्षाला सुमारे पन्नास विकला, म्हणजे बहात्तर वर्षांत एक अंश आहे. हेच संपातचलन. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिषाला ते लक्षात आले. आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट म्हटले आहे, की जुन्या ग्रंथांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितले असले, तरी आपल्या काळी ते मकरेच्या आरंभी होते. आणि पुढेही फरक पडल्यास सूर्याच्या उदयास्ताच्या खुणांनी व सावलीने तो प्रत्यक्ष पडताळून घ्यावा. ग्रंथ आणि आकाश यांत अंतर पडले, तर आकाशाला विचारा, हा सल्ला आपल्याच परंपरेतला आहे.

आपण तो पाळला नाही. मेष राशीचा आरंभ आणि वसंतसंपात हे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी एके ठिकाणी होते. तेव्हा सूर्य मकर राशीत शिरला, की खरोखर उत्तरायण लागत असे. चित्रापक्षाच्या गणनेने आज त्या दोहोंत चोवीस अंशांचे अंतर पडले आहे; या अंतराला अयनांश म्हणतात. संपातापासून मोजलेले ते सायन, ताऱ्यांपासून मोजलेले ते निरयन. ऋतू सायन सूर्याला बांधलेले आहेत. आपली संक्रांत निरयन सूर्याला. म्हणून मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि उत्तरायण तीन आठवड्यांहून अधिक आधी, डिसेंबरातच लागून गेलेले असते. संक्रांतही स्थिर नाही. सत्तर वर्षांत सुमारे एक दिवस पुढे जाते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर संक्रांत कोसळली असे आपण म्हणतो. गणित करून पाहता त्या वर्षीची संक्रांत त्याआधी तीन-चार दिवसच होऊन गेलेली होती.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे घरोघर सांगतात. पडताळून पाहावे. एक मीटरची काठी सपाट जागी ओळंब्यात उभी करावी आणि खऱ्या मध्यान्हीची, म्हणजे त्या दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजावी. पुण्यात २२ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटिमीटर भरते; १४ जानेवारीला सुमारे ८४. तिळगूळ वाटण्यापूर्वीच सूर्य सहा सेंटिमीटर परतलेला असतो. मेच्या मध्यास हीच सावली पुण्यात नाहीशी होते, कारण सूर्य नेमका खस्वस्तिकावर येतो. जूनमध्ये तो डोक्याच्या उत्तरेला गेलेला असतो.

हा केवळ सणाचा प्रश्न असता, तर आम्ही एवढे लांबण लावले नसते. आपला शेतकरी पावसाचा हिशेब सूर्यनक्षत्रांवर ठेवतो. ७ किंवा ८ जूनला सूर्य मृगात जातो आणि मृगाच्या पावसाकडे डोळे लागतात. सतराशे वर्षांपूर्वी हेच मृग आजच्या तारखांप्रमाणे मेच्या मध्यास लागत असे. तेव्हा मृगाचा पाऊस हा शब्द खरा नसणार. आणखी दोन हजार वर्षांनी मृग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल, तेव्हाही तो खरा राहणार नाही. पाऊस मृगाने येत नाही. आज मृग पावसाच्या वेळेशी जुळून आले आहे, एवढेच. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ओरायन या ग्रंथात याच सरकण्याचा उलटा उपयोग केला. वसंतसंपात मृगशीर्षात होता असे वैदिक वाङ्मयातून काढून त्यांनी त्यावरून त्या काळाचा अंदाज बांधला. आज तोच संपात उत्तराभाद्रपदेत आहे.

या प्रश्नावर महाराष्ट्राने पुष्कळ विचार केला आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव रचले आणि त्यावरून शतकानुशतके पंचांगे निघाली. ती आकाशाशी जुळेनाशी झाली, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहगणिताची नवी कोष्टके मराठीत दिली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला आणि सायन गणनेचा पुरस्कार केला. मोजणीचा आरंभ रेवतीपासून धरावा की चित्रेच्या समोरून, हाही वाद झाला. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो आणि त्यामुळे कधीकधी एकाच गल्लीत दोन घरांचे सण वेगळे आले. १९५२ साली भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्याचे वर्ष ऋतूंचे, म्हणजे सायन आहे आणि चैत्राचा पहिला दिवस वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी येतो. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापतात. घरच्या भिंतीवर मात्र जुनाच महिना राहिला.

सण कोणत्या दिवशी करावा, हे ठरविणे आमचे काम नव्हे. चारचौघे मिळून ज्या दिवशी तिळगूळ देतात तो दिवस गोडच असतो. पण त्या दिवशी सूर्य उत्तरेकडे वळला असे मुलाला सांगू नये. शब्द वाडवडिलांचा ठेवायचा, तर त्यांची नजरही ठेवली पाहिजे. त्यांनी शब्द आकाश पाहून केले होते. आपण शब्द सांभाळले आणि पाहणे सोडले.

बोलता बोलता साडेदहा वाजून गेले. आग्नेयेकडील इमारतींच्या वर तीन ताऱ्यांची उभी ओळ आली होती, ती अनुराधा. तिच्याखाली तांबूस ज्येष्ठा लुकलुकत होती. आम्ही बोट दाखवून म्हटले, "ही आपली वृश्चिक." वृद्ध गृहस्थांनी चष्मा पुसला, मूठ पुढे करून अंतर मोजले आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तर तोंड झाले. नांगी?"

"ती अजून क्षितिजाशीच आहे. नीट दिसायला आणखी तासभर लागेल. शिवाय पंचांगाप्रमाणे ती तुमच्या राशीत येत नाही."

"न येवो," ते म्हणाले, आणि मंडपातली एक खुर्ची मैदानात ओढून बसले. "साठ वर्षे थांबलो, आणखी तासभर थांबतो."